दादा, आधी मीठ बघ

लीड्स,
रविवार

तीर्थरूप दादास,


काल तुझ्या निखिलचा फोन आला होता. तुझं ब्लड प्रेशर अजून वरच आहे, गोळी वाढवली आहे आणि डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करायला बजावलंय, असं तो म्हणाला. साखरही काठावर आली आहे म्हणे. त्यातच कळलं की लेस्टरच्या घरचा बाजार हल्ली तू आणि वहिनीच करता. अर्णवला शाळेत सोडलं की परत येताना सुपरमार्केटमध्ये शिरता. ते ऐकून मला फार बरं वाटलं. या देशात पोटात किती मीठ जाणार, हे स्वयंपाकघरात कमी आणि दुकानात जास्त ठरतं. इतकी वर्षं इथल्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मी पेशंटांना जे सांगत आले, ते माझ्या सख्ख्या भावाला सांगायचं राहूनच गेलं होतं. फोनवर तू 'बरं बरं' म्हणून विषय बदलतोस, म्हणून लिहून पाठवतेय. नीट वाच आणि वहिनीलाही वाचून दाखव.

इथल्या बऱ्याच पाकिटांवर पुढच्या बाजूला छोट्या कप्प्यांची एक पट्टी असते, ती तू पाहिली असशील. पहिल्या कप्प्यात ऊर्जा, म्हणजे कॅलरी. त्याला रंग नसतो. पुढचे चार कप्पे फॅट, सॅच्युरेट्स, शुगर्स आणि सॉल्ट यांचे, आणि त्यांना सिग्नलसारखे हिरवा, नारिंगी, लाल असे रंग. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारनं ही पट्टी सगळ्यांसाठी एका नमुन्यात बसवली. ती सक्तीची मात्र नाही. मोठी सुपरमार्केटं आपापल्या मालावर ती छापतात, बऱ्याच कंपन्याही छापतात, पण काहीजण छापतच नाहीत आणि काहीजण नुसते आकडे देऊन रंग गाळतात. पाकिटावर रंग दिसला नाही म्हणजे आत काही वावगं नाही, असं समजू नकोस. अशा वेळी पाकीट उलटं करायचं. मागचा तक्ता कायद्यानं द्यावाच लागतो.

रंग कसे ठरतात ते तुला आवडेल, कारण त्यात सरळ हिशेब आहे. १०० ग्रॅम पदार्थात मीठ ०.३ ग्रॅमपर्यंत असेल तर हिरवा, १.५ ग्रॅमच्या वर गेलं की लाल, मधलं सगळं नारिंगी. साखरेला ५ आणि २२.५, फॅटला ३ आणि १७.५, सॅच्युरेटेड फॅटला १.५ आणि ५. पेयांच्या मर्यादा वेगळ्या, बहुतेक याच्या निम्म्या. एसटीच्या अकाउंट्समध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला आठ आकडे पाठ करायला किती वेळ लागणार? पण सगळे पाठ करू नकोस. तुझ्यासाठी मिठाचे दोन पुरेत: ०.३ आणि १.५.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. या रंगांचा उपयोग एकाच जातीच्या दोन वस्तूंमधून एक निवडायला करायचा. ब्रेडशेजारी ब्रेड, सॉसशेजारी सॉस, चिवड्याशेजारी चिवडा. तू साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या दुकानात दोन डबे हातात घेऊन किलोमागे भाव काढायचास ना, अगदी तसंच हे १०० ग्रॅममागे काढायचं. पाकीट लहान-मोठं कसंही असो, तुलना एका मापात होते. ब्रेड चांगला की बदाम चांगले, असं रंगांना विचारायला गेलास तर उत्तर चुकीचं मिळेल. त्याबद्दल पुढे लिहिते.

तर ब्रेड. वहिनी म्हणत होती की सकाळी तुम्ही दोघं टोस्ट खाता आणि दुपारी पोळ्यांचा कंटाळा आला की सँडविच. इथल्या साध्या पावाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १ ग्रॅम मीठ असतं. एका स्लाइसमध्ये साधारण ०.४ ग्रॅम. म्हणजे सकाळचे दोन आणि दुपारचे दोन मिळून दीड ग्रॅमच्या वर मीठ गेलं, आणि जिभेला ते खारट म्हणून लागलंसुद्धा नाही! इथे मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ६ ग्रॅम मीठ सांगतात. जागतिक आरोग्य संघटना ५ च्या आत ठेवा म्हणते. म्हणजे दिवसभराच्या मिठाचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त, तू ज्याला खारट पदार्थ मानतच नाहीस त्या पावातून आला. या देशातल्या लोकांच्या पोटात जाणाऱ्या मिठाचा मोठा वाटा पावाचा असतो, तो पाव फार खारट असतो म्हणून नव्हे, रोज खाल्ला जातो म्हणून.

पावाच्या मांडणीसमोर उभा राहिलास की बहुतेक सगळ्या पावांवर मिठाचा कप्पा नारिंगीच दिसेल. मग निवडायचं कसं? इथे रंगावर थांबायचं नाही, आकडा वाचायचा. एकावर १०० ग्रॅमला ०.७ असेल, दुसऱ्यावर १.१. दोन्ही नारिंगी, पण फरक दीडपटीहून जास्त. नारिंगी रंगाची ही अडचण माझे पेशंट नेहमी विसरतात. मिठाचा नारिंगी ०.३ पासून १.५ पर्यंत पसरलेला आहे, साखरेचा ५ पासून २२.५ पर्यंत. साध्या दह्यात दुधाची स्वतःची साखर ५ ग्रॅमच्या आसपास असते आणि स्ट्रॉबेरीच्या गोड दह्यात १२ ग्रॅम सहज. दोघांच्या अंगावर एकच रंग येऊ शकतो. लाल दिसला तर शेजारचा बघायचा, हिरवा दिसला तर घ्यायला हरकत नाही, आणि नारिंगी दिसला की चष्मा लावायचा.

पट्टीवर आणखी एक गोष्ट आहे, ती मला मनापासून खटकते. रंग ठरतो १०० ग्रॅमवरून, पण कप्प्यात ठळक छापलेले ग्रॅम असतात एका 'पोर्शन'चे, आणि तो पोर्शन किती हे कंपनी ठरवते. वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ३० ग्रॅम, पाव पिझ्झा, दोन बिस्किटं. ३० ग्रॅम सीरियल म्हणजे किती, ते निखिलच्या घरातल्या काट्यावर एकदा मोजून बघ. अर्णव सकाळी जो बाउल भरून घेतो, तो त्याच्या दुप्पट निघाला तर मला नवल वाटणार नाही. म्हणून कप्प्यातला आकडा बघताना आधी वरची ओळ वाच आणि आपण खरंच तेवढं खातो का, हे स्वतःला विचार. तुलनेला मात्र मागच्या तक्त्यातला १०० ग्रॅमचा रकानाच धरायचा.

निखिल आणि ऋता कामावरून दमून येतात, फ्रीझरमध्ये तयार जेवणाचे डबे असतात, हे मला माहीत आहे. मी त्यांना बोल लावणार नाही. त्या डब्यांच्या बाबतीत एक नियम चांगला आहे: एका वेळचा पोर्शन १०० ग्रॅमहून मोठा असेल आणि त्यात १.८ ग्रॅमहून जास्त मीठ असेल, तर १०० ग्रॅमचा आकडा काहीही असो, रंग लाल द्यायचा. ४०० ग्रॅमच्या करी-भाताच्या डब्यात १०० ग्रॅमला ०.५ मीठ दिसायला किरकोळ, पण अख्ख्या डब्यात ते २ ग्रॅम होतं आणि कप्पा लाल होतो. असा लाल डबा तुझ्या ताटात नको. मुलांना खाऊ दे, तू आणि वहिनी भात आणि वरण लावा.

साखरेचं थोडक्यात सांगते, पण हे लक्षात ठेवच. पट्टीवर ग्रॅमखाली टक्के असतात. साखरेचे ते टक्के दिवसाला ९० ग्रॅम धरून काढलेले असतात, आणि त्या ९० मध्ये फळांची, दुधाची, सगळी साखर आली. वरून घातलेली, मधातली आणि रसातली साखर मात्र इथले सरकारी सल्लागार मोठ्या माणसाला दिवसाला ३० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. आता कोलाचा ३३० मिलीचा डबा घे: ३५ ग्रॅम साखर. पट्टी म्हणते ३९ टक्के. वाचणाऱ्याला वाटतं, अजून साठ टक्के जागा आहे. खरं तर त्या एका डब्यात दिवसाची मर्यादा ओलांडली गेली. माझ्या मते या पट्टीतली ही सगळ्यांत मोठी उणीव आहे. गोड पेयांच्या बाबतीत टक्के वाचूच नकोस, ग्रॅम वाच.

आणि दुधाच्या बाटल्यांवरची लेबलं! इथे साधारणपणे निळं लेबल म्हणजे पूर्ण सायीचं दूध, हिरवं म्हणजे अर्धी साय काढलेलं आणि लाल म्हणजे साय जवळजवळ सगळीच काढलेलं. त्या लालचा या लालशी काही संबंध नाही. पट्टी वाचायला शिकलेले लोकही लाल लेबल बघून मागे सरतात. तुमच्या चहाला हिरव्या लेबलचं आणा.

आता रंग कुठे फसवतात ते. बिनमिठाचे बदाम आण, फॅटचा कप्पा लाल. बेदाणे आण, साखरेचा कप्पा लाल. शेंगदाणे, तीळ, खजूर, सगळ्यांची हीच गत, कारण पट्टी रंग देताना फक्त चार गोष्टी मोजते. त्यातला तंतू, प्रथिनं, यातलं काहीच तिला दिसत नाही. उलट कृत्रिम गोडी घातलेलं रंगीत पाणी चारही हिरवे मिरवत उभं असतं. मूठभर बदाम खायचे की नाही, हे पट्टीला विचारायचं नाही, माणसाला विचारायचं. मी सांगते, खा. खारवलेले नकोत. आणि ज्वारीचं पीठ, मेथीची जुडी, वांगी, सुटी फळं, यांना ही पट्टी नसतेच. तुमच्या पिशवीत बिनपट्टीच्या वस्तू जितक्या जास्त, तितकी मी खूश.

लेस्टरमध्ये राहून बेलग्रेव्ह रोडवर जाऊ नकोस असं मी कशी म्हणू? फरसाण, शेव, पापड, लोणची, सगळं तिथे मिळतं आणि आपल्या गावच्यासारखं मिळतं. पण तिथल्या आयात केलेल्या पाकिटांवर रंग क्वचितच असतो, म्हणून मागचा तक्ता वाचायची सवय तिथेच लावून घे. सॉल्टच्या ओळीत १.५ च्या वरचा आकडा दिसला की मनातल्या मनात लाल रंग दे. पापडाच्या पाकिटावर तो किती वर जातो ते बघशीलच. त्याचं कारण फक्त मीठ नाही. इथल्या तक्त्यातलं 'सॉल्ट' म्हणजे पदार्थातलं सगळं सोडियम अडीचपट करून काढलेला आकडा असतो. त्यात पापडखार आला, खायचा सोडा आला, अजिनोमोटो आलं. तुझ्या रक्तदाबाला सोडियम कुठून आलं याच्याशी देणंघेणं नसतं, म्हणून हा हिशेब मला बरोबर वाटतो. वहिनी ढोकळ्यात आणि भज्यांत सोडा घालते, तोही याच खात्यात धर.

मार्चमध्ये तुम्ही साताऱ्याला परत जाल. तिथे पाकिटाच्या तोंडावर असली पट्टी मिळणार नाही. मागे तक्ता मात्र असतो, आणि एका बाबतीत तो इथल्यापेक्षा सरस आहे. आपल्या २०२० च्या लेबलच्या नियमांनी एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी छापायला लावली आहे. इथे ती फोड मिळत नाही. शिवाय एका वेळच्या खाण्यातून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो, तेही छापावं लागतं. त्यासाठी दिवसाला घातलेली साखर ५० ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट २२ ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम धरतात. आपल्याकडे मिठाऐवजी सोडियम लिहितात, तेही मिलिग्रॅममध्ये. तेवढा बदल ध्यानात ठेव. २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ. इथला लाल रंग तिथे वापरायचा तर १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम सोडियम ही रेघ. इन्स्टंट नूडल्सच्या पाकिटावर १००० च्या आसपासचा आकडा सहज दिसेल. हिरव्याची रेघ १२० वर.

आणि घटकांची यादी वाच. जे सगळ्यांत जास्त, ते पहिलं, असा क्रम असतो. 'मल्टिग्रेन' असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा, मग साखर, मग पाम तेल आणि शेवटी चिमूटभर नाचणी असेल, तर ते नाचणीचं बिस्कीट नव्हे. डायजेस्टिव्ह बिस्किटांचंही तसंच. नाव पचनाचं, पण १०० ग्रॅमला फॅट २० ग्रॅमच्या वर, म्हणजे इथल्या रेघेनं लाल. चहाबरोबर चार खाऊन 'ही आपली तब्येतीची' असं समाधान मानू नकोस.

दादा, इथे मला थोडं मनातलं लिहू दे. आपली आई इंग्रजी वाचू शकत नव्हती. भारतातल्या पाकिटामागचा तो तक्ता बहुतेक इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, घडीत दाबलेला. तिच्यासारख्या बायका आजही घरोघरचा किराणा भरतात आणि नातवंडांसाठी चित्रवालं पाकीट उचलतात. पण याच बायका शाकाहाराचा हिरवा ठिपका लांबून ओळखतात, त्यासाठी त्यांना कुणी वर्गात बसवलेलं नव्हतं. तोंडावरची खूण आपल्या लोकांना कळते, याचा याहून चांगला पुरावा कुठला हवा? ठिपक्याचा अर्थ शाकाहारी, आरोग्याचा नव्हे, एवढंच. चिप्सवरही तो असतो.

आपल्याकडे पाकिटाच्या तोंडावरच्या अशा खुणेचा विषय वर्षानुवर्षं चघळला जातोय. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ताऱ्यांच्या लेबलचा मसुदा काढला होता, अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं या लेबलबद्दल तज्ज्ञ समितीनं तीन महिन्यांत शिफारशी द्याव्यात असं सांगितलं. माझा ताऱ्यांना विरोध आहे, आणि त्याचं कारण तू आहेस. तारे सगळ्या गुणदोषांची बेरीज-वजाबाकी करून एकच निकाल देतात. पदार्थात मीठ भरपूर असेल, पण प्रथिनं आणि तंतूही घातलेले असतील, तर तारे वाढतात. तुला ती बेरीज काय कामाची? तुला फक्त मीठ वेगळं दिसायला हवं, मधुमेह असलेल्याला साखर, हृदयाच्या रुग्णाला सॅच्युरेटेड फॅट. जे डोळ्यांना वेगळं दिसायला हवं, ते सरासरीत बुडवू नये. चिलीनं २०१६ मध्ये हे सरळ केलं. साखर जास्त, सोडियम जास्त, असा प्रत्येक दोषाला पाकिटाच्या तोंडावर एक काळा अष्टकोन, शब्दांसकट. सोबत मुलांना भुलवणाऱ्या जाहिरातींवर आणि शाळांतल्या विक्रीवर बंधनं. या सगळ्याचा मिळून परिणाम असा झाला की अष्टकोन लागलेल्या गोड पेयांची खरेदी दीड वर्षात सुमारे एक चतुर्थांशानं घटली. आपल्याकडे असंच काहीतरी यावं, आणि ते मराठीतून, तमिळमधून, बंगालीतूनही वाचता यावं, असं मला तळमळीनं वाटतं. साताऱ्याला गेलास की ग्राहक पंचायतीतल्या तुझ्या मित्रमंडळींपुढे हा विषय काढ. तुम्हा लोकांना पत्रं लिहायची, पाठपुरावा करायची सवय आहे. ती इथे कामाला येईल.

आता दोन कामाच्या गोष्टी. इथल्या दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं आणि निखिल ते आणायच्या विचारात आहे. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते चालत नाही. तुझ्या गोळीचं नाव सांगून डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. आणि वहिनीनं साताऱ्याहून आणलेलं कैरीचं लोणचं फेकून द्या, असं मी कधीच सांगणार नाही. रोज वाढायचं ते रविवारी वाढा, एक फोड. त्या दिवशी पापड नको.

पुढच्या बुधवारी दुकानात जाल तेव्हा पावाच्या सगळ्या पाकिटांवरचे मिठाचे आकडे एका कागदावर उतरवून घे आणि मला फोनवर सांग. कुठला घ्यायचा ते आपण दोघं मिळून ठरवू. शाळा सुटल्यावर अर्णवला सोबत घेतलंस तर तोच भराभर वाचून दाखवेल, त्याचे डोळे चांगले आहेत. वहिनीला नमस्कार, निखिल-ऋताला आशीर्वाद, अर्णवला गोड पापा.

तुझी,
शकू